पिलांना बांधलेले लुगडे

सावदा पोलीस ठाणे, तालुका रावेर, जिल्हा पूर्व खानदेश. शुक्रवार, तारीख १८ नोव्हेंबर १९३८. सकाळी साडेनऊ वाजता लिहिण्यास सुरुवात.

जबाब देणार: जीवराम गिरधर चौधरी, वय वर्षे ५४, धंदा शेती (केळी व कापूस), राहणार मौजे रायझिरे, तालुका रावेर. लिहिता वाचता येते.

मी वर लिहिलेला इसम आज कोणी न बोलावता आपल्या पायांनी ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की, गेल्या मंगळवारी, तारीख १५ रोजी संध्याकाळी, मी याच ठाण्यात फिर्याद दिली होती. माझा सालदार शालिग्राम लोटन पाटील, वय सुमारे २८, याने माझ्या मळ्यातील केळीची २१२ खोडे घडांसकट कापून टाकली, अशी ती फिर्याद होती. तीत मी दोन गोष्टी ठासून सांगितल्या. एक, हे काम त्याने जुन्या वैरापोटी केले. दोन, तो त्या वेळी पूर्ण शुद्धीवर होता. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. तिसरी एक गोष्ट मी सांगितलीच नाही, लपवली. ती या गाठोड्यात आहे. गाठोडे मी फौजदार साहेबांच्या टेबलावर ठेवले असून ते लगेच सोडू नये, मला क्रमाने सांगू द्यावे, अशी विनंती केली. साहेबांनी ती मान्य केली.

जमादार मोतीलाल यांनी विचारले की, चौधरी, उद्या शनिवारी आरोपीला रावेरला मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे उभे करायचे आहे, कागद तयार झाले, आता तुम्हाला कशाची आठवण झाली? त्यास माझे उत्तर की, उद्या उभे करायचे आहे म्हणूनच आज आलो. परवा आलो असतो तर तुम्हीच म्हणाला असता, वरातीमागून घोडे.

शालिग्राम हा माझ्याकडे सहा वर्षे सालाने आहे. मळ्याला लागून असलेल्या खोलीत तो बायको वच्छला हिच्यासह राहत असे. केळीच्या कामात त्याचा हात धरणारा माणूस आमच्या गावात नाही. वच्छला गेल्या श्रावणात बाळंतपणात वारली. मूल जगले. मुलगा आहे. त्याचे नाव अजून ठेवलेले नाही. शालिग्रामची बहीण भागाबाई हिला आमच्याच गावात दिले आहे. तिच्या मांडीवर स्वतःचे तान्हे मूल आहे. तिने भावाचे मूलही घेतले व ती दोघांना अंगावर पाजते.

तेव्हापासून शालिग्रामचे मन ठिकाणावर नव्हते. हे मला ठाऊक होते. साऱ्या गावाला ठाऊक होते. तो जेवत नसे, झोपत नसे. कामाला मात्र कधी चुकला नाही, म्हणून मी डोळ्यांवर कातडे ओढले. भागाबाईने दोनदा येऊन सांगितले की, नाना, त्याला जळगावच्या डॉक्टरला दाखवा. मी म्हणालो, कामात जीव रमला की दुःख आपोआप पळते. वाढीव काम दिले. आश्विनात एकदा मोट चालू असताना त्याने बैल मध्येच थांबवले आणि वाकून कान जमिनीला लावला. मी कारण विचारले. तो म्हणाला, "नाना, पिलू रडू राह्यलं." ही गोष्ट मी चावडीवर हसत हसत सांगितली. लोकही हसले. पुढे पोरेसोरे त्याला पिलूवाला म्हणू लागली. ते नाव मी दिलेले आहे.

पिलू म्हणजे केळीच्या खोडाच्या बुडाशी फुटणारा कोंब. ठाण्यातील कारकून घाटावरचे असल्यामुळे खुलासा करतो. ही पिले सारखी फुटत राहतात व मोठ्या खोडाचा रस ओढतात, म्हणून वीस पंचवीस दिवसांनी ती कापून काढावी लागतात. मोठ्या खोडाला आम्ही माय म्हणतो. मायेवर घड आला की शहाणा शेतकरी एक पिलू राखतो. घड उतरला की माय कापायची, आणि राखलेल्या पिलावर दुसरी बाग उभी राहते. तिला पीलबाग म्हणतात. यंदा मला पूर्वेकडच्या तुकड्यात केळीनंतर कापूस घ्यायचा होता. म्हणून एकही पिलू राखू नये असा माझा हुकूम होता.

दसऱ्यानंतर मी मळ्यात फिरताना पाहिले की, प्रत्येक खोडाजवळ एक एक पिलू शालिग्रामने वाळलेल्या पानांखाली झाकून ठेवले आहे. मी त्याला बोलावून विचारले. आमचे जे बोलणे झाले ते त्याच शब्दांत लिहून घ्यावे.

मी म्हणालो, "शाल्या, हे काहाले ठेवले? पिलू ठेवशीन त मायले खाईन ते. काप."

तो म्हणाला, "आन् माय पह्यलेच गेली आसली त, नाना?"

मी म्हणालो, "माय गेली त पिलूच बाग. पन आपल्याले पीलबाग ठेवनं नही. काप म्हनलं ना?"

तो बरे म्हणाला. मी घरी गेलो. त्याने पिले कापली की नाही हे पाहायला मी पुन्हा गेलो नाही, कारण त्याने माझा शब्द आजवर मोडला नव्हता.

मंगळवारी सावद्याचा बाजार असल्याने मी, माझी बायको इंदिराबाई व गावातील बहुतेक मंडळी बाजाराला गेलो होतो. चारच्या सुमारास परत येताना मी परभारे मळ्यात शिरलो. पूर्वेकडचा तुकडा उघडा दिसला. आधी वाटले वाट चुकलो. जवळ जाऊन पाहतो तो सारी खोडे आडवी पडलेली. घड अजून कोवळे होते, महिनाभर तरी उतरवायचे नव्हते. ते घड बाजूला काढून केळीच्या पानांवर ओळीने निजवून ठेवले होते. शालिग्राम विहिरीवर, मोटेचे पाणी पडते त्या थारोळ्यापाशी बसला होता. कोयता धुऊन शेजारी ठेवला होता. मला पाहून तो उठला आणि म्हणाला, "नाना, एक बी पिलू मेलं नही."

त्यावर मी काय केले ते मंगळवारच्या फिर्यादीत नाही. बैलांना टोचायची पराणी तिथे पडली होती, तिने मी त्याला मारले. चार की पाच वेळा मारले. त्याने हात वर केला नाही. त्याच्या पाठीवरचे वळ ठाण्यात 'झटापटीत पडून लागलेले' असे नोंदले गेले आहेत, कारण मी तसे सांगितले. झटापट झालीच नव्हती. झटापटीला दोन माणसे लागतात.

आता तो शुद्धीवर होता असे मी का म्हणालो ते सांगतो. मी खोडांचे काप पाहिले. जमिनीपासून हातभर वर, तिरके, पावसाचे पाणी निथळून जाईल असे, एका घावाचे. प्रत्येक बुडाशी एकच पिलू राखलेले, तेही उगवतीच्या अंगाचे, जे आम्ही नेहमी राखतो. एका पिलाला ओरखडा नव्हता. मी उभा जन्म केळीत काढला आहे. मला वाटले, डोके फिरलेला माणूस कोयता चालवील तर तो वेडावाकडा चालवील. इतके नेटके काम वेड्याचे असूच शकत नाही. हेच मी पोलीस पाटील तोताराम यांना सांगितले व त्यांनी मान डोलावली, कारण तेही केळीवालेच. पंचांनी तेच लिहिले. फौजदार साहेबांनी विचारले होते की याचे डोके ठीक आहे ना, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, साहेब, काप बघा म्हणजे कळेल.

माझी चूक अशी की, हाताचे कसब आणि मनाची शुद्ध ही दोन्ही मी एकच समजलो. वीस वर्षांचे वळण हातात असते. मन हरवले तरी हात आपले काम करीत राहतो. हे मला कोणी दुसऱ्याने सांगितलेले नाही. काल मी स्वतः मळ्यात जाऊन ते काप पुन्हा एकेक पाहिले, तेव्हा कळले.

आता गाठोडे सोडावे.

(गाठोडे पंचांसमक्ष सोडले. त्यात हिरव्या रंगाच्या जुन्या लुगड्याच्या हातभर लांबीच्या चिंध्या निघाल्या. त्यांपैकी काही एकमेकींना टाके घालून जोडलेल्या आहेत.)

या चिंध्या त्या पिलांना बांधलेल्या होत्या. प्रत्येक पिलाला एक, तीन गाठी मारून. मंगळवारी पोलीस पाटलांना बोलावणे धाडल्यावर ते येईपर्यंत मला तास दीड तास मिळाला. तेवढ्यात मी तुकडाभर फिरून सगळ्या सोडल्या व गोठ्यात कडब्याखाली लपवल्या. शालिग्राम बघत होता. तो एवढेच म्हणाला, "नाना, नका सोडू ना." मी त्याच्याकडे पाहिले नाही.

का सोडल्या, असा प्रश्न साहेबांनी केला. उत्तर की, मला ती करणी वाटली. हिरवी चिंधी, तीन गाठी, पायाशी कापलेले खोड. हे पाहून आमच्या भागात कोणीही तेच म्हणेल. बागेत करणी निघाली अशी हाकाटी झाली असती तर पलीकडच्या तुकड्यातल्या घडांनाही कोणी हात लावला नसता. आणि दुसरे कारण असे की, चिंध्या पाहून फौजदार साहेबांनी ताडले असते की हा माणूस आजारी आहे. ते मला त्या वेळी नको होते. मला तो तुरुंगात हवा होता. मला राग आला होता आणि तो राग खरा होता, हेही लिहावे. वर्षभर पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेली बाग आडवी पडलेली पाहिली की माणूस माणसात राहत नाही.

बुधवारी माझी बायको इंदिराबाई हिला गोठ्यात हे गाठोडे सापडले. तिने चिंध्या धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या. मी ओरडलो, हे काय मांडले आहे, लोक बघतील. ती म्हणाली, "पाहू द्या. वच्छलेच्या ओटीचं लुगडं हाये हे. म्याच नेसवलं व्हतं तिले." सातव्या महिन्यात वच्छलेची ओटी भरताना माझ्या बायकोने तिला हे लुगडे दिले होते. मी तेव्हा घरातच होतो, पण बायकांच्या कामात पुरुष लुगड्याचा रंग कशाला बघतो. मंगळवारी ज्या चिंध्या मी दोनशे बारा वेळा वाकून सोडल्या, त्या मी ओळखल्या नाहीत.

काल गुरुवारी दुपारी मी भागाबाईच्या घरी गेलो. दया आली म्हणून गेलो असे कोणी समजू नये. मळ्यातली खोली रिकामी करून भावाचे सामान घेऊन जा, हे बजावायला गेलो होतो. ती ओसरीवर दोन झोळ्या हलवत बसली होती. एका झोळीतून मुलाचा पाय बाहेर आला होता. त्या पायाला हिरवी चिंधी बांधलेली होती. तीन गाठी.

मी विचारले, "हे कोनं बांधलं?"

ती म्हणाली, "त्यानंच, नाना. मंगयवारी सकायी येऊन बांधून गेला. म्हने, अक्का, हे सोडू नको. चिंधी पाहून कोनी कापनार नही."

मी तिथे खाली बसलो. भागाबाईने पाणी दिले. मग ती म्हणाली की, श्रावणापासून गावातल्या बायका पाणवठ्यावर म्हणतात, पोराने मायेला खाल्ले. शालिग्रामच्या कानावर ते जाई. तो रात्रंदिवस विचारी की, अक्का, पोराला कोणी काही करणार तर नाही ना. मळ्यातून कोयता घेऊन कोणी येईल म्हणून तो बहिणीच्या दाराशी बसून राही. कोयता तर त्याच्याच हाती असे. पिले कापण्याचा हुकूम माझा होता. मग मला दसऱ्यानंतरचे आमचे बोलणे आठवले. माय गेली त पिलूच बाग, हे मीच त्याला सांगितले होते. त्याने ते शब्दशः केले. पिले वाचवायची तर मोठी खोडे, म्हणजे माया, जायला हव्यात, एवढा सरळ हिशेब त्या बिचाऱ्याच्या डोक्यात बसला होता.

निघताना भागाबाईने मला विचारले, "तुरुंगात त्याले कोन सांगन, नाना, का पोरगं जित्तं हाये?" खोली रिकामी करण्याचे मी तिला सांगितलेले नाही.

घरी आलो तर बायको त्या चिंध्या एकमेकींना जोडत बसली होती. तीस पस्तीस जोडून झाल्या होत्या. पोरासाठी दुपटे करते म्हणाली. पुराव्याला सुई लावू नये हे तिला कोणी सांगितले नव्हते, सबब तिला दोष देऊ नये. मी गाठोडे मागितले. तिने दोरा तोडून सुई ठेवली आणि विचारले, "तुमी जाता ठान्यात का मी जाऊ?" मी म्हणालो, मी जातो.

आता वैराबाबत. पुढील मजकूर मला कोणी विचारलेला नाही, मी आपणहून सांगत आहे.

फिर्यादीत मी 'जुने वैर' असे म्हणालो होतो. वैर कशाचे, असे जमादारांनी मंगळवारी विचारले तेव्हा मी 'असते एकेकाचे' म्हणून वेळ मारून नेली. त्याचे कारण असे. श्रावणात वच्छलेचे दिवस भरले. दोन दिवस कळा चालू होत्या. सुईणीने सांगितले, आता माझ्या हातात नाही, सावद्याच्या दवाखान्यात न्या. शालिग्राम सकाळी माझ्याकडे गाडी मागायला आला. माझ्या दोन्ही गाड्या घडांनी भरून उभ्या होत्या. त्या दिवशी सावदा स्टेशनावर दिल्लीकडे जाणारा केळीचा डबा लागला होता आणि दुपारच्या आत माल चढवायचा होता. मी म्हणालो, आधी माल पोचव, गाडी रिकामी झाली की तिला ने.

गाड्या सावद्यालाच चालल्या होत्या. दवाखानाही सावद्यालाच. एका गाडीतले थोडे घड उतरवले असते तर तिला निजवून नेता आले असते. हे मला तेव्हा सुचले नाही. सुचले नाही असेही नाही.

दुसरी गाडी शालिग्रामनेच हाकली. माल त्यानेच चढवला. मग रिकामी गाडी घेऊन तो बैल पळवत परत आला. तोवर वच्छला गेली होती आणि मूल रडत होते.

या गोष्टीबद्दल तो मला चार महिन्यांत एका अक्षराने बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिला पोचवून आला, तिसऱ्या दिवशी मोटेवर उभा राहिला. त्याच्या मनात वैर असणारच, असे मी धरून चाललो, कारण त्याच्या जागी मी असतो तर मी वैर धरले असते, आणि बाग नव्हे तर बागवाल्याला कापला असता. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटे नाही. बाग पडलेली पाहिल्याबरोबर मला वाटले, आज त्याने गाडीचा सूड घेतला. म्हणून मी 'वैर' लिहून दिले. ते त्याच्या मनातले नव्हते, माझ्या मनातले होते.

आज सकाळी नऊ वाजता जमादारांच्या परवानगीने मी कोठडीच्या गजांपाशी जाऊन शालिग्रामला भेटलो. जमादार शेजारी उभे होते, ते साक्ष देतील. शालिग्राम भिंतीला टेकून बसला होता. चार दिवसांत निम्मा झाला आहे. दिलेली भाकरी तशीच पडली होती. मी म्हणालो, "शालिग्राम, मी नाना. गाडीचा राग धरला व्हता का रे तू?"

तो म्हणाला, "कोनती गाडी, नाना?"

मग त्यानेच गज धरून विचारले, "पिलांले पानी देल्लं का?"

मी म्हणालो, "देल्लं."

तेव्हा त्याने भाकरी हातात घेतली.

माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. फौजदार साहेबांनी मला समजावून सांगितले की, ज्याचे मन ठिकाणावर नाही अशा इसमाला गुन्हेगार म्हणून नव्हे, आजारी म्हणून मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे हजर करता येते. मग सिव्हिल सर्जन साहेब तपासतात. तपासून गरज वाटल्यास पुण्याकडील वेड्यांच्या इस्पितळात धाडतात, किंवा नातेवाईक अगर स्नेही सांभाळण्याची हमी लिहून देत असेल तर त्याच्या स्वाधीन करतात. ही वाट आहे हे मला माहीत नव्हते. मला वाटत होते की ठाण्यातून एकच रस्ता निघतो आणि तो तुरुंगात जातो. तरी उद्या रावेरला शालिग्रामला या दुसऱ्या वाटेने न्यावे. नुकसानीबद्दल माझी काही मागणी नाही. फिर्याद मागे घेण्याचा जो कागद लागेल तो मी करून देतो.

हमी मी लिहून देतो. यावर कारकून म्हणाले की, फिर्यादीनेच आरोपीची हमी द्यायची असा रिवाज नाही. त्यास माझे उत्तर की, नसेल तर आजपासून पाडा. फौजदार साहेब म्हणाले, हे ठरवणे मॅजिस्ट्रेट साहेबांच्या हातात आहे, आम्ही तुमचा जबाब व चिंध्या त्यांच्यापुढे ठेवू. ते मला मान्य आहे. मीही उद्या रावेरला हजर राहीन. भागाबाईला व मुलाला सोबत आणीन. या वेळी गाडी रिकामीच आहे.

पोलीस पाटील तोताराम व गावातील चार मंडळी काल माझ्या दारी येऊन म्हणाली की, नाना, आज केळ कापली, उद्या माणूस कापील, त्याला गावात आणू नका. त्यांची भीती मी खोटी म्हणत नाही. त्यांच्या घरातही लेकरे आहेत. म्हणून लिहून देतो की, शालिग्रामच्या हाती कोयता, विळा, कुऱ्हाड यांपैकी काही लागू देणार नाही. जप्त झालेला कोयता मला परत नको. दिवसा तो माझ्या नजरेखाली राहील, रात्री बहिणीकडे. डॉक्टर जेव्हा बोलावतील तेव्हा मी स्वतः घेऊन जाईन. सिव्हिल सर्जन साहेबांनी इस्पितळातच ठेवावे म्हटले तर तेही मला कबूल आहे. मात्र तिथे त्याला पोराची खबर कळत राहावी म्हणून दर पंधरा दिवसांनी पत्र टाकीन. तो बरा होईल अशी हमी मी देत नाही. ती देणारा मी कोण.

फौजदार साहेबांनी मला समज दिली की, पोलिसांना खोटी माहिती दिली व पुराव्याची वस्तू दडवली याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते. समज मिळाली. त्याबाबत माझी तक्रार नाही. आरोपीला मारले तेही मी वर कबूल केले आहे. त्या कामी उभे करतील तेव्हा उभा राहीन, मला कोणाची हमी नको.

चिंध्या मोजल्या असता २१२ भरल्या. लुगड्याची आणखी एक चिंधी मुलाच्या पायात आहे. ती पुराव्याला लागली तरी सोडून घेऊ नये. साहेबांना बघायची असेल तर उद्या पायातच बघावी. बाकीच्या काम संपल्यावर माझ्या बायकोला परत मिळाव्यात, तिचे दुपटे अर्धे राहिले आहे.

पूर्वेकडच्या तुकड्यात कापूस घ्यायचे मी रद्द केले आहे. पिले सर्व जिवंत आहेत. काल मी मोजली. सालदाराचे काम चोख आहे. ती पिले मी ठेवणार.

शेवटची गोष्ट. सकाळी गजांपाशी मी शालिग्रामला पाणी दिले असे सांगितले. ते खोटे होते. मंगळवारपासून मोट बंद आहे. ती धरणारा माणूस या ठाण्यात आहे. इतकी खोटी सुधारायला म्हणून आलो, आणि येता येता एक नवे सांगून बसलो. सही होताच मी मळ्यात जाऊन स्वतः मोट जुंपणार आहे. मध्यंतरी शालिग्रामने पुन्हा विचारले तर जमादार मोतीलाल यांनी त्याला हो म्हणावे. जमादारांनी तसे कबूल केले आहे.

हा सर्व मजकूर कारकुनांनी मला सावकाश वाचून दाखवला. गाडीच्या मजकुरापाशी ते थांबले व म्हणाले, चौधरी, याचा या कामाशी संबंध नाही, गाळायचा असेल तर गाळतो. मी ठेवा म्हणालो. मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे व खरा आहे. पाण्याचा तेवढा अजून खरा नाही, तो आज दिवस मावळेपर्यंत खरा होईल.

सही: जीवराम गिरधर चौधरी
समक्ष: मोतीलाल, हेड कॉन्स्टेबल